सेलमध्ये महागलेलं कपाट

मंडळी, आज दुपारी राजारामपुरीतल्या एका फर्निचरच्या दुकानात गेलतो, अजून डोकं तापलेलंच आहे.

गारगोटीची माझी आत्या महिन्याभरापूर्वी तिथं एक लोखंडी कपाट बघून गेली होती. किंमत अकरा हजार. सेलमध्ये स्वस्त मिळेल म्हणून ती थांबली. आज एसटीनं आली, तर त्याच कपाटावर लाल चिठ्ठी. अठरा हजार खोडून साडेबारा. म्हणे क्लिअरन्स सेल!

आत्यानं मोबाईलमधला अकरा हजाराच्या चिठ्ठीचा जुना फोटो मालकापुढं धरला. "पावणं, सेल लागला की म्हाग हुतंय व्हय?"

मालक निर्लज्जपणे हसला. "मावशी, तो सेलच्या आधीचा रेट. तुम्हाला अकरालाच देतो, पण जरा हळू बोला."

"हळू का? ह्यास्नीबी कळू दे की!" तिनं तसलंच कपाट घ्यायला निघालेल्या एका जोडप्याला फोटो दाखवला. ते तसेच बाहेर पडले. आम्हीही. पुढच्या गल्लीत, बिनसेलच्या दुकानात, तसंच कपाट साडेदहाला मिळालं.

अठरा हजार ही त्या कपाटाची किंमत कधी नव्हतीच. गिऱ्हाईक मूर्ख आहे, एवढ्याच भरवशावर असली दुकानं चालतात.

तुम्ही गेल्या सेलमध्ये जे घेतलंत, त्याची सेलआधीची किंमत तुम्ही स्वतः बघितली होती का?