डॉक्टरीणबाईंचं ‘शी!’

आमच्या मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. अपवाद फक्त रोग्यांचा. पू असो, ओकारी असो, त्यांचं नाक कधी मुरडलं नाही. पण रोग्याला न तपासता लिहिलेली चिठ्ठी दिसली की ‘शी!’ ठरलेलं.

मी सातवीतून शाळा सोडून मालवणहून आलेला, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. जात्याच भित्रा. आमच्या खोलीतला एकजण फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून गेला, तेव्हापासून मलाही धाप लागायला लागली. सीटी स्कॅनचं मशीन तेव्हा नवलाईचं. नाक्यावरच्या डॉक्टरने खुर्चीतून न उठता मला त्याची चिठ्ठी फाडून दिली. ती मी बाईंपुढे ठेवली.

“हात लावल्यान तुका?” माझ्याशी त्या मालवणीतच बोलायच्या.

“नाय.”

“शी! अरे, बाजारात पापलेटचे पण कल्ले उघडून बघतत!”

त्यांनी माझ्या दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, मग बरगडीवर बोट टेकवलं. मी कळवळलो. “पत्रे कोण उचलता, मी? गुठळीबिठळी काय नाय. ऊठ.”

पुढे माझा पाय मोडला, प्लास्टर झालं. ते निघाल्यावर थोड्याच दिवसांत एका दुपारी जिना चढताना श्वास अडकला. बाई परत ‘शी!’ म्हणतील म्हणून मी गप्प पडून राहिलो. सोबत्याने त्यांना ओढून आणलं. त्यांनी पोटरी पाहिली. सुजून टम्म. ‘शी!’ काही आलं नाही, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

रिक्षात घालून त्यांनीच मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, “छातीचा एक्स-रे क्लीन आहे मॅडम, घेऊन जा घरी.”

“शी! फोटो कसला बघतोस, पाय बघ! प्लास्टर, सूज, धाप, पायातली गुठळी छातीत गेलीय, आणखी काय हवंय तुला? याला कुठल्या मशीनखाली घालायचं तिथे घाल, पण रक्त पातळ करायचं इंजेक्शन आधी दे. आत्ता. माझ्यासमोर.”

त्याने दिलं. म्हणून मी आज हे लिहितोय.

दरवर्षी गावाहून येताना बाईंसाठी कोकमाची सोलं आणायचो. एका वर्षी गेलो तर दवाखान्याच्या जागी काचेचा दरवाजा, आत गारेगार स्कॅन सेंटर. बाई पावसाळ्यातच गेल्या, शेजारच्या वाण्याने सांगितलं.

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “कुठला स्कॅन, काका?”

सोलांची पिशवी छातीशी धरून मी म्हणालो, “शी!”