सांडोरच्या वाडीतला जपान आणि दोन लिंबं

या ब्लॉगवर आतापर्यंत तुम्ही माझ्याबरोबर बरंच हिंडलात. आजचा प्रवास मात्र जेमतेम आठ-दहा किलोमीटरचा आहे, गोखिवऱ्याहून सांडोरपर्यंतचा. तरीही इतकी घाबरलेली मी दुसऱ्या कुठल्याच प्रवासात नव्हते. मुलांना घेऊन असं काही करायचा बेत असेल, तर शेवटपर्यंत वाचा आणि माझी चूक करू नका.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं जपानात राहून परतलो होतो. तिथे आमची मुक्ता सहा वर्षांची असताना एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दूध आणायची. पहिल्यांदा शेजारणीने तसं सुचवलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले होते. पण तिथे ती रीतच आहे. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला एखादं छोटं काम सांगून एकट्याला बाहेर पाठवायचं. जाताना त्याने ‘इत्तेकिमास’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘जाऊन येते’. परत आलं की ‘तादाइमा’, आले हं.

गोखिवऱ्याला परत आल्यावर मी सोसायटीतल्या मुलांसाठी दर रविवारी जपानी वर्ग सुरू केला. कागदाचे पक्षी, गाणी, थोडी अक्षरं. खरं सांगायचं तर मला तेव्हा जपान चढला होता. आपल्याकडे मुलांना फार जपतात, असं मी येताजाता सुनवायचे. मग डिसेंबरातल्या एका रविवारी मुलांना एक अख्खा दिवस जपानी पद्धतीने जगू द्यायचं ठरवलं. सांडोरला नवऱ्याच्या मित्राची मावशी राहते, विमलमावशी. केळीची वाडी, मागे भाजीचे वाफे, ऐसपैस ओटी. तिने आनंदाने होकार दिला.

सहा मुलं होती. मुक्ता आता दहा वर्षांची, सगळ्यांत मोठी. सगळ्यांत लहान आर्या, आमच्या समोरच्या बी विंगमधल्या सावंत वहिनींची एकुलती एक, सात वर्षांची. तिला खाली खेळायलाही एकटीला सोडत नसत. निघताना वहिनी तिची वेणी तिसऱ्यांदा घट्ट करत म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून पाठवतेय हं. नजरेआड नका करू तिला.”

“अहो वहिनी, चिंताच सोडा,” मी म्हटलं.

जायचं कसं ते सांगते. गोखिवऱ्याहून दोन रिक्षा करून वसई स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून एसटी. मुलांना अर्धं तिकीट. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून आठच्या आत पोचलेलं बरं. पाण्याच्या बाटल्या घरूनच घ्या. मी सहाही मुलांसाठी पिवळ्या कापडाच्या टोप्या शिवल्या होत्या, जपानातल्या शाळकरी मुलांच्या असतात तशा. दोन संध्याकाळी मशीनवर बसले होते त्यासाठी. एसटीत सगळे वळून बघत होते आणि मी नुसती फुशारले होते.

सकाळ फार छान गेली. चपला ओटीखाली टाचा आत, पुढचा भाग बाहेर अशा ओळीने लावल्या. जपानी शाळेत मुलंच वर्ग झाडतात-पुसतात, तशी आमची मुलं ओटी पुसायला बसली. विमलमावशी बघत राहिली. “माझ्या नातवांना इथेच आणून सोडते तुझ्याकडे,” ती म्हणाली. मग भाताचे त्रिकोणी मुटके, ओनिगिरी, करायला घेतले. आत उमेबोशी, म्हणजे तिथल्या खारवलेल्या आंबट फळाऐवजी, लिंबाचं लोणचं. एकाचाही त्रिकोण झाला नाही, पण फस्त सगळे झाले.

आणि मग मी तो घाट घातला. नाक्यावरचं दुकान वाडीपासून चालत सहा-सात मिनिटांवर. आधी मुक्ता गेली, मीठ घेऊन आली. मग एक मुलगा काकड्या घेऊन आला. सगळ्यांनी ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलास, ये’, म्हणून टाळ्या वाजवल्या. आर्या माझा पदर ओढायला लागली. “काकू, मी पण! मी पण एकटी!”

मला सावंत वहिनींचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण मनात आलं, संध्याकाळी ही घरी जाऊन सांगेल तेव्हा वहिनींचा चेहरा कसा होईल! तो चेहरा मला बघायचा होता, दुसरं काही नाही.

मुक्ता हळूच म्हणाली, “आई, जपानात दुकानदारकाकांना तू आधी सांगून ठेवायचीस. इथे कोणाला माहितीय?”

“तू गप्प बस गं,” मी म्हटलं.

आर्याच्या हातात कापडी पिशवी दिली. दोन लिंबं आणायची. ‘इत्तेकिमास’ म्हणून ती पिवळी टोपी केळींच्या आडोशाने निघून गेली.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मी मुलांना गाणं म्हणायला लावलं आणि स्वतः फाटकापाशी जाऊन उभी राहिले. वीस मिनिटांनी मुक्ताला मुलांपाशी बसवलं आणि मी रस्त्याला लागले. विमलमावशी साडी खोचत माझ्या मागे आली.

दुकानदार म्हणाला, “आली होती ना. लिंबं घेतली, गेली. कधीच गेली.”

म्हणजे जाताना नाही, येताना हरवली. दुकान ते वाडी एकच वाट. वाटेत एक बावखल, वाडीला पाणी देणारं जुनं तळं. कडेला कठडा नाही. सकाळी तिथे थांबून मी मुलांना कमळाची पानं दाखवली होती. आता तिथे धावत आले तर पलीकडच्या काठाशी पाण्यात काहीतरी पिवळं दिसलं.

मी ओरडले असेन, कारण मावशीने माझा दंड धरला. “पान आहे गं ते. केळीचं पान. नीट बघ.”

पानच होतं. पण मी ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे.

“हे बघ,” मावशी म्हणाली, “अख्खा सांडोर मला ओळखतो. पोर कोणाच्याही दारात गेली आणि माझं नाव घेतलं, तरी हाताला धरून आणून सोडतील. नाव सांगितलंयस ना तिला माझं?”

मी तिच्याकडे बघितलं. मुलं सकाळपासून तिला नुसतं ‘आजी’ म्हणत होती.

जपानात मुक्ताच्या छातीवर प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असायची. नाव, पत्ता, फोन. रोज सकाळी ती लावल्याशिवाय मी तिला बाहेर सोडत नसे. इथे मी टोप्या शिवल्या, चपला ओळीत लावल्या, आणि नेमकं तेच विसरले. लाज वाटली, पण रडायलाही वेळ नव्हता.

आम्ही घराघरांत विचारत सुटलो. तिसऱ्या घरात एक बाई म्हणाली, “पिवळी टोपी? सुकट विकणारीबरोबर होती ना ती. आमच्याकडेही विचारायला आली होती, कोणाची म्हणून. मोठ्या रस्त्याकडे गेल्या.”

मोठा रस्ता म्हणजे एसटीचा थांबा. मी धावले. वाटेत एक चप्पल तुटली, तशी दोन्ही तिथेच टाकल्या. लांबून एक एसटी थांब्यावर थांबलेली दिसली, आणि मी पोचायच्या आत ती निघूनही गेली.

थांब्यावर एक कोळीण बसली होती. शेजारी टोपली, आणि टोपलीला टेकून आर्या. टोपी डोक्यावर, पिशवी पोटाशी धरलेली.

कोळणीने मला अनवाणी पायांपासून वर बघितलं. “ही तुमची पोर?”

“माझ्याबरोबरची,” मी कसंबसं म्हटलं.

“एकलीच चालली व्हती रस्त्यानं. इचारलं, घर कुठं? तं बोलते, गोखिवऱ्याला. गोखिवरा काय हितं हाय? मंग इचारलं, हितं कोनाकडं आलीस? तं बोलते, आजीकडं. आजीचं नाव ठावं नाय! बारा घरं फिरले तिला घेऊन. आता एक बस सोडली. वळखीचा कंडक्टर आला की त्याच्या हवाली करनार व्हते, स्टेशनावर पोलिसाकडं दे म्हनून.”

पुढच्या एसटीत ओळखीचा कंडक्टर असता, तर? मी आर्याला जवळ ओढलं आणि रडायला लागले.

“आता रडून काय,” ती म्हणाली. “पोरीला पानी पाजा आधी. आन इतकुश्या पोरीला कोनाच्या भरवशावर सोडली वो?”

तिने टोपली डोक्यावर घेतली आणि आपल्या वाटेने गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. चिठ्ठी विसरणाऱ्या बाईला तेवढं तरी सुचायला हवं होतं.

परत येताना आर्या मजेत होती. दुकानातून निघून ती उलट्याच दिशेला वळली होती. तिला हरवल्यासारखं वाटलंच नव्हतं. फाटकाशी हात सोडवून ती पुढे पळाली आणि ओरडली, “तादाइमा!” मुलांनी ‘ओकाएरी’ म्हटलं. पिशवीतून तिने दोन लिंबं काढून माझ्या हातात ठेवली.

संध्याकाळच्या एसटीत मुक्ताने विचारलं, “सांगणार आहेस का गं सावंतकाकूंना?” मुलं काही बोलली नसती. आर्यासाठी तर ती बारा घरांची सहल होती. गप्प बसणं अगदी सोपं होतं, आणि स्टेशन येईपर्यंत मी तेच ठरवत होते.

पण सावंत वहिनी जिन्यातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, बावखलासकट. त्यांनी आर्याला जवळ घेतलं, घरात नेलं आणि दार लावलं.

पुढचे दोन रविवार आर्या आली नाही. वर्ग बंदच करावा असं मी नवऱ्याला म्हटलं. काय राहिलं त्या दिवसाचं म्हणाल, तर एवढंच कळलं की जपानात मूल एकटं जातं ते कधीच एकटं नसतं. दुकानदार, शेजारी, रस्ता ओलांडून देणारे आजोबा, सगळ्यांना ते कोणाचं आहे हे माहीत असतं. सांडोरलाही माणसं बघत होतीच. मीच त्यांना काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी खिडकीत उभी होते. बी विंगच्या जिन्यातून पिवळी टोपी बाहेर आली. मागे कोणी नव्हतं. आर्या सोसायटीचं आवार एकटी ओलांडत होती. मी धावत खाली गेले. तिच्या फ्रॉकवर सेफ्टी पिनेने वहीचा कागद टोचला होता. वहिनींच्या ठसठशीत अक्षरात नाव, इमारत, फोन नंबर. त्याखाली आणखी एक ओळ होती, माझं नाव आणि माझा फ्लॅट नंबर.

मी वर बघितलं. सावंत वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. आर्याचा हात माझ्या हातात आलेला त्यांनी पाहिला, आणि त्या आत गेल्या.