शुक्रवारचा स्लो कुकर

सुनेला पाचवा महिना लागला तरी तिचं वजन काट्यावर हलेना. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात एकदा पोट पडलं होतं, त्यामुळे या वेळी मी पहिल्या दिवसापासून जीव मुठीत धरून होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या तपासणीपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरात फोडणी बंद झाली होती, कारण तेलात मोहरी तडतडली की ती बाथरूमकडे धावायची. बिनफोडणीचं वरण, पेज, उकडलेला बटाटा, जे समोर ठेवावं त्याला एकच उत्तर, "नको, आई."

आणि एका बुधवारी संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "आई, मला पुल्ड पोर्क खावंसं वाटतंय."

सून वसईकडची, ख्रिस्ती. तिची आई लग्नाआधीच गेली, म्हणजे डोहाळे पुरवायचे तर मलाच. कंपनीच्या कामाने ती आणि माझा मुलगा काही वर्षं अमेरिकेत होती, तिथे ती हे, म्हणजे दिवसभर मंद शिजवून धागे सोडवलेलं डुकराचं मांस, दर आठवड्याला करायची. येताना त्यासाठीचा स्लो कुकर आणि तो इथल्या विजेवर चालवायला लागणारा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मरही घेऊन आली होती. पण तो माळ्यावर पडून होता. आमच्या घरात मासे, मटण, कोंबडी सगळं शिजतं, डुक्कर मात्र माझ्या भांड्यांना लागायचं नाही, हे मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. तिनेही मान डोलावली होती आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. त्या दिवशी काढला, म्हणजे किती वाटलं असेल.

मी तडजोड काढली. कुकर तिचा, तो गॅलरीत वॉशिंग मशीनच्या प्लगवर लावायचा, माझ्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही. मग वार बघितला. गुरुवार माझा उपासाचा, शनिवार मारुतीचा, आणि रविवारपर्यंत पोटुशीला ताटकळत ठेवायचं मला पटेना. आम्हा कोकणातल्या लोकांचा शुक्रवार खायचा वार. ठरलं, शुक्रवार.

मुलाने ठाण्याहून खांद्याचं मांस आणलं, आदल्या दिवशी मीठ-तिखट-गूळ चोळून फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवलं. शुक्रवारी सकाळी तळाशी कांदा, वर मांस, थोडं व्हिनेगर घालून कुकर लावला आणि ऑफिसला जाताना मला बजावून गेला, "आई, झाकण उघडू नकोस हां. उघडलंस की सगळी वाफ जाते. संध्याकाळपर्यंत बघायचंच नाही त्याच्याकडे."

बघायचंच नाही म्हणे. ज्याला शिट्टी नाही तो कुकर कसला? ना आवाज, ना वाफ. शिजतंय की नुसतं बसलंय, कळायचं कसं? मी दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन काचेच्या झाकणावर बोट टेकवून बघत होते. आत पाण्याचे थेंब जमले होते, एवढंच. सून पलंगावरून विचारायची, "वास यायला लागला का हो?" या प्रश्नात इतकी आशा होती की मला भीती वाटली.

मग पंखा बंद पडला.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही मानपाड्याला, एमआयडीसीच्या कडेला राहतो. कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, म्हणून दुरुस्तीसाठी वीजही शुक्रवारीच बंद ठेवतात. हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मी उपास पाहिला, मारुती पाहिला, खायचा वार पाहिला, पण विजेचा वार काही पाहिला नाही. इतकी वर्षं गॅसवर रांधणाऱ्या बाईला तो बघायची वेळ कधी आली होती?

मुलाला फोन लावला. तो आधी म्हणाला, "येईल गं लाईट." मग जरा वेळाने त्याचाच फोन आला, आवाज बदललेला. "आई, मी नेटवर वाचलं. अर्धवट गरम ठेवू नकोस, पोर्क आहे. लगेच गॅसवर घेणार असशील तर घे, नाहीतर सरळ फेकून दे. तिच्या पोटात कच्चं जायला नको."

मी फोन ठेवला. फेकून दिलं तर ती काही बोलणार नव्हती. नेहमीसारखं "राहू दे, आई" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली असती, आणि ते मला बघवलं नसतं. गॅसवर घ्यायचं तर एवढा मोठा तुकडा मावेल असं भांडं घरात एकच होतं. माझा पाच लिटरचा कुकर. सणावाराला नैवेद्याचं वरण त्यातच होतं.

मी देवघराचा पडदा ओढला. देवाला म्हटलं, काय ते नंतर बघू. आणि चिमट्याने ते गरम धूड उचलून माझ्या कुकरात टाकलं.

सहा शिट्ट्या काढल्या, गॅस बारीक करून बराच वेळ ठेवलं, मग धीर होईना म्हणून आणखी तीन काढल्या. झाकण उघडून काटा लावला तर मांसाचे आपोआप धागे सुटले. आत कुठे गुलाबी राहिलंय का, म्हणून खिडकीच्या उजेडात नेऊन चिमूट चिमूट सोडवून बघितलं. पावात भरून ताटली सुनेपुढे ठेवली.

ती ताटलीकडे बघत राहिली. "आई, मध्ये लाईट गेलेली ना? मला भीती वाटते. याला काही झालं तर?" तिचा हात पोटावर होता.

मलाही तीच भीती होती. पण ती "नको" म्हणाली असती तर मीही फेकलं असतं, आणि मग उद्या पुन्हा पेज. मी ताटलीतला पाव उचलला. "थांब, मी आधी खाते," म्हटलं आणि जन्मात पहिल्यांदा डुकराच्या मांसाचा घास घेतला. त्याने काही सिद्ध होत नव्हतं, हे मलाही कळत होतं. बाधायचं असेल तर ते काय लगेच बाधतंय? पण माझ्याकडे दाखवायला दुसरं होतं काय? मी चावलं, गिळलं, दुसरा घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मग तिने माझ्या हातातून तो उष्टा पाव काढून घेतला आणि खायला लागली. मी बाथरूमच्या दाराकडे बघत उभी राहिले, ती आता उठेल, मग उठेल म्हणून. ती उठली नाही. तिने पाव संपवला, दुसरा घेतला आणि अर्ध्यावर थांबली.

"काय गं, काय झालं?"

"मीठ कमी पडलंय, आई."

पाच महिन्यांत तिने पहिल्यांदा माझ्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं होतं. मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली, आणि तिला दिसू नये म्हणून ओट्याकडे तोंड फिरवून रडले.