वरून दिसणारं गाव

नवरा आणि मुलीबरोबर अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहायला आल्यावर मला ह्यूस्टनच्या एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. परदेशातल्या प्रकल्पांत पैसा घालणाऱ्यांना, तिथल्या माणसांचं आणि निसर्गाचं नुकसान होत नाही ना, हे आम्ही तपासून सांगायचो. माझं काम सॅटेलाइटचे फोटो पाहायचं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका देशात मोठं बंदर व्हायचं होतं. त्या जागेवर मच्छीमारांचं गाव होतं, आणि गावाच्या संमतीशिवाय एकही घर हलवायचं नाही अशी अट होती.

तिथल्या सरकारी कचेरीतली एक अधिकारी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर यायची. वयाने माझ्याएवढीच. ते गाव तिच्या आईचं. गावची बैठक ज्या आंब्याखाली भरते, तो मला फोटोत सापडला तेव्हा तिला कोण आनंद झाला होता.

एका सकाळी नवे फोटो उघडले, तर घरं नव्हती. रोलर फिरवावा तशी जमीन सपाट, आणि होड्या एका कडेला ढीग करून टाकलेल्या. संमतीची बैठक अजून व्हायची होती.

त्या दिवशीच्या कॉलवर तिच्या शेजारी एक माणूस बसला होता. त्याची ओळख कोणी करून दिली नाही. लोक राजीखुशीने गेले, असं ती म्हणाली. मच्छीमार गेले, मग होड्या मागे कशा राहिल्या, असं मी विचारलं. तिने उलट मलाच विचारलं.

"तुम्हाला तिथून सगळं दिसतं का?"

"घरं दिसतात. माणसं नाही ओळखू येत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि कॅमेरा बंद झाला.

पुढच्या कॉलवर दुसराच अधिकारी होता. ती कुठे आहे असं विचारल्यावर, अशी कोणी बाई आमच्याकडे कधी नव्हतीच, असं त्याने अगदी नम्रपणे सांगितलं. हिवाळाभर मी तिच्याशी बोलत होते.

मी सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. बॉसने शांतपणे ऐकून घेतलं. आपण मागे हटलो तर पैसा घेऊन दुसरे तयारच आहेत, आणि ते फोटोसुद्धा बघणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. माझा मजकूर शेवटच्या परिशिष्टात गेला. मी सही केली नाही. दुसऱ्या कोणीतरी केली.

करार झाल्यावर डाउनटाउनच्या हॉटेलात पार्टी होती. त्या देशाचं शिष्टमंडळ आलं होतं, आणि त्यात कॉलवर तिच्या शेजारी बसलेला तो माणूस. हातात प्लेट घेऊन तो माझ्यापाशी आला. होड्यांबद्दल विचारणाऱ्या तुम्हीच ना, म्हणाला. मग शुगर लँडहून यायला ट्रॅफिक लागला का, तिथल्या शाळा चांगल्या आहेत म्हणे, असं बोलत राहिला. मी कुठे राहते हे त्याला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.

"ती कुठे आहे?" मी विचारलं.

"कोण?" तो हसून म्हणाला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. एरवी 'ऑफिस घरी आणू नकोस यार' म्हणणारा तो, उठला आणि पुढचं दार लागलंय का ते बघून आला. मग म्हणाला, "नोकरी सोड."

मी सोडली. बंदराचं काम जोरात चालू आहे. बेपत्ता माणसांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेला मी तिचं नाव आणि मला माहीत होतं तेवढं सगळं कळवलंय. त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही. मुलीला मात्र हल्ली शाळेतून मी स्वतःच आणते.