वत्सलाबाईंचा रविवार

वत्सलाबाई आठवड्यातले सहा दिवस फुलं विकायच्या आणि सातव्या दिवशी फुलं पाहायला जायच्या. आरमोरीच्या बसस्टँडसमोर, कडुनिंबाखाली, लाकडी फळीवर त्यांचं दुकान होतं. नागपूरहून येणाऱ्या गाडीतून झेंडू, शेवंती आणि निशिगंधाची पोती उतरायची आणि बाईंची सुई चालू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. रविवारी मात्र फळी रिकामी. गिऱ्हाइकं कुरकुरायची, देवाला हार कुठून आणायचा म्हणायची. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "सहा दिस फुलाईले सुई टोचतो मी. एक दिस तं नुसतं पाहू द्या." त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'येतो', 'टोचतो' असंच म्हणतात. मी साताऱ्याकडची, त्यामुळे सुरुवातीला मला ते ऐकून गंमत वाटायची.

मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नव्यानेच लागले होते. एका समारंभासाठी हार घ्यायला गेले आणि सहज विचारलं, की येताना बसमधून शेताच्या बांधावर जांभळी फुलं दिसली, ती कसली? बाईंनी सुई थांबवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. दुकानावर येऊन न विकल्या जाणाऱ्या फुलाबद्दल विचारणारी मी पहिलीच असावी. रविवारी गावी या, दाखवतो, म्हणाल्या.

त्यांचं गाव बसने अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला. नवरा देवाजी गावच्या तलावात मासेमारी करायचा आणि खरिपात दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान लावायला जायचा. अबोल माणूस. मी आले की खाट अंगणात टाकायचा आणि स्वतः उंबऱ्यावर बसायचा. घरात तिसरी त्याची आई. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण माझी चाहूल लागली की ती चुलीकडे वळायची आणि भात व झिंग्यांचं कालवण पुढ्यात ठेवायची. तीन वर्षं बहुतेक रविवारी मी त्या घरी जेवले.

जेवण झालं की आम्ही दोघी निघायचो. बाई फूल तोडत नसत. वाकायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायच्या आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायच्या. धायटीला, कुड्याला, बांधावरच्या तेरड्याला. यंदा उशीर काऊन केला, मागच्या पावसाळ्यात इथी होती, आता तिकडे काऊन सरकली, असं. त्यांच्या डोक्यात कुठलं फूल कोणत्या दगडाशी उगवतं याचा पक्का नकाशा होता. मी शास्त्रीय नावं सांगायचे. त्या हसून म्हणायच्या, "एवढं लांब नाव घेऊन ते बिचारं फुलन कधी?" पळस फुलायच्या दिवसांत तर त्या कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या. माझ्या आयुष्यात इतकं निवांत उभं राहिलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

वाघ तेव्हाही होता. मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेलं कुणीतरी परत आलं नाही, अशी बातमी आसपासच्या गावांतून दर वर्षी यायचीच. वनरक्षकांनी सांगून ठेवलं होतं, नाल्याच्या पलीकडे जाऊ नका. आम्ही नाल्यापर्यंतच जायचो आणि उन्हं कलायच्या आत परतायचो.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. जिल्ह्याहून अधिकारी येणार होते. मला कळलावीचं रोप हवं होतं, फुलासकट आणि खालच्या कंदासकट. चित्र नको, खरं रोप. मी बाईंना दुकानावर गाठून सांगितलं. त्यांना ते रुचलं नाही. मुळासकट काढलं तर पुढच्या साली तिथे काय राहील, असं त्यांनी विचारलं. शिवाय अलीकडच्या काठावरची फुलं गळून गेली होती, आता होती ती नाल्याच्या पलीकडच्या बांबूत. मी म्हटलं, एकच रोप, मुलांना बघायला मिळेल. खरं म्हणजे मुलांपेक्षा मला अधिकाऱ्यांना दाखवायचं होतं. बाईंनी अर्धा झालेला हार बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी म्हनता तं आनतो."

त्या रविवारी मी गेले नाही. कॉलेजात तक्ते चिकटवत होते. जमीन मुरमाड म्हणून देवाजी सब्बल घेऊन बाईंबरोबर गेला. एरवी तो कधी येत नसे.

पुढचं मला बाईंनीच नंतर तुटक तुटक सांगितलं. देवाजी उकिडवा बसून खणत होता. दहा पावलांवर बाईंना गवतात एक लहानसं पांढरं फूल दिसलं, कधी न पाहिलेलं, म्हणून त्या वाकल्या. मागे वळल्या तेव्हा सब्बल पडलेली होती आणि माणूस नव्हता. आवाज झालाच नाही. त्यांना वाटलं, आडोशाला गेला असेल. दोनदा हाक मारली. मग बांबू हलताना दिसले. त्या ओरडत गावाकडे धावल्या. माणसं काठ्या, डबे वाजवत आली. दुपारी देवाजी सापडला. जेवढा सापडायचा तेवढा.

सोमवारी मी गेले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं आणि वनखात्याचे साहेब कागद मांडून बसले होते. त्यांनी विचारलं, मनाई असताना नाल्यापलीकडे कशाला गेला होता? बाईंनी मान वर केली. गर्दीत भिंतीला लागून मी उभी होते, तिथपर्यंत त्यांची नजर आली आणि परत गेली.

"सात्या आनाले," त्या म्हणाल्या.

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. सगळं गाव त्या आणायला जातं. साहेबांनी तसं लिहून घेतलं. पण आतून म्हातारी दाराच्या चौकटीला धरून बाहेर आली. सात्या नाही, साहेब, ती म्हणाली, घरात टोपली तशीच पडून आहे. मग सुनेच्या दिशेने हात करून म्हणाली, "हिच्या फुलाच्या येडानं खाल्लं माह्या लेकाले."

वत्सलाबाईंनी ते खोडून काढलं नाही. तेव्हा मी दोन पावलं पुढे होऊन सांगायला हवं होतं, की यांना वेड नाही, मी पाठवलं होतं. तेवढंच वाक्य. मी स्वतःला समजावलं, की ही वेळ नव्हे, घरात दुःख आहे, नंतर सावकाश सांगू. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही नातेवाईक का? मी म्हटलं, "ओळखीची."

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. मी कळलावी कागदावर रंगवली. अधिकाऱ्यांनी चित्राचं कौतुक केलं.

महिन्याभराने बाई दुकानावर आल्या. फुलं तीच, सुई तीच, पण लग्नांची कामं येईनाशी झाली. विधवेच्या हातच्या मुंडावळ्या कोण नेणार? गजरे पलीकडच्या नव्या दुकानातून जाऊ लागले. बाईंकडे यायचे ते तिरडीसाठी हार न्यायला. आणि रविवारीही फळी रिकामी राहिली नाही. घरी बसवत नसे. म्हातारी त्यांच्या हातचं जेवत नव्हती, एकाच घरात वेगळी चूल मांडून, चाचपडत स्वतःपुरता भात शिजवत होती. गावातल्या बायका नळावर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने 'फुलवाली' म्हणायच्या. जुन्या एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर विचारलं, आता रविवारी जात नाही का? बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "आता सातही दिस सारखेच."

मी रोज येता-जाता थांबायचे. केसांत माळत नसताना वेणी घ्यायचे. कशा आहात विचारायचे. त्या वेणी पानात बांधून द्यायच्या आणि माझ्याकडे पाहत राहायच्या. मला ती नजर सहन व्हायची नाही, म्हणून मी घाईत असल्याचं दाखवायचे. असं दीड वर्ष गेलं. उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, म्हातारी वारली. मी त्यांच्या घरी गेले नाही. पेपर तपासायचे होते, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

मग माझी वरोऱ्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. अंगणात मी आल्यावर खाट टाकणारं कुणी नव्हतं. बाई ओसरीत मोहफुलं वाळवत बसल्या होत्या. विकत घेतलेली. त्यांनी चहा ठेवला नाही, बसा म्हणाल्या. मी बसले आणि सगळं बोलून टाकलं. दोष माझा होता, तुम्ही माझं नाव वाचवलंत, मी तेव्हा गप्प राहिले, आता तुम्ही म्हणाल त्याला सांगते, हवं तर गावासमोर सांगते. बोलता बोलता मी रडायला लागले. बाई रडल्या नाहीत. हातातली फुलं पसरून झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले.

"मी वाट पाहून राह्यली होती, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तुमचं नाव नाई घेतलं, तं मले वाटलं, तुमी घेसान."

मी म्हटलं, आता सांगते ना. देवाजींच्या भावाला सांगते, शेजाऱ्यांना सांगते.

"त्याईले सांगून काय कराचं? म्हातारीले सांगाचं होतं. मराच्या दिवशीबी माह्या हातचं पानी नाई घेतलं तिनं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तिथे बसून राहता आलं असतं. त्यांनी सांगितलं, की शेवटची गाडी सहाला आहे आणि अलीकडे ती थांब्यावर थांबत नाही, हात दाखवावा लागतो. मी उठले. त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी आरमोरीहून आलेल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की कडुनिंबाखाली आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. फुलवाली बाई भावाकडे गेली म्हणे, सिंदेवाहीकडे कुठेतरी. मजुरीला जाते.

घडलं ते मी आता कुणालाही सांगते. वर्गात सांगितलं आहे, नात्यात सांगितलं आहे, आज लिहूनही काढलं. लोक ऐकून घेतात, तुमचा तसा काय दोष म्हणतात. त्या घरातल्या म्हातारीला मात्र मी सांगितलं नाही, आणि ती माझ्यापासून दीड वर्ष अर्ध्या तासाच्या अंतरावर होती.