चाख्याची मेलेली जीभ

साबण चाटून कुणी सव्वीस वर्षं पोट भरलंय, असं ऐकलंय कधी? नसेल. मग ऐकून घ्या.

तेलात कॉस्टिक सोडा ओतला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो साबण. शंभर किलो तेलाला चौदा किलो कॉस्टिक. तेल आधी संपलं तर काम तिथंच थांबतं आणि उरलेला कॉस्टिक वडीत दबा धरून बसतो. तो ओळखायला आमच्या साबणाच्या कारखान्यात यंत्र नव्हतं, चाख्या होता. वडीचा कोपरा जिभेला लावायचा. चटका बसला तर अख्खा घाणा परत कढईत.

पण ती जीभ तीन वर्षांपूर्वीच मेली होती. चहा गरम की गार, हे त्याला ओठांवरून कळायचं. बोलला कुणाला? बोलला असता तर दाराबाहेर.

त्या महिन्यात तेलाची नवी पिंपं आली. कॉस्टिकही चाख्याच मोजायचा, गणित पिंपावर: शंभर किलोचं एक पिंप, चौदा किलो कॉस्टिक. नव्या पिंपात तेल ऐंशीच किलो. मॅनेजरला ठाऊक होतं, खाली सांगायला तोंड दुखलं त्याचं. दर पिंपामागे जवळजवळ तीन किलो कॉस्टिक उरला. चाख्याने वडी चाटली, मान डोलावली. पास.

चौथ्या दिवशी वहिनी समोर उभी. थोरल्या भावाच्या माघारी ती इथेच वड्या बांधायची. बोटांची सालं निघालेली.

"भावजी, चाखलीत की नुसता मुका घेतलात?"

"चाखली की. काही नव्हतं."

"काही नव्हतं? माझी जीभ पोळली! काढा बघू तुमची."

तिनेच वडी टेकवली. जीभ पांढरी पडत गेली. तो आपला तिच्याकडे बघतोय.

वहिनीचा हात खाली आला. "कधीपासून हो?"

तो उठला, नवं पिंप काट्यावर तोललं आणि तडक मॅनेजरकडे गेला. "साहेब, माल परत मागवा. नव्या पिंपांत तेल कमी आहे. माझी जीभ गेलीय, मला कळलं नाही."

"मग चूक तुझीच. तसं लिहून दे, मागवतो."

लोकांची कातडी वाचेल म्हणून त्याने सही केली. माल परत आला नाही. संध्याकाळी चाख्या मात्र बाहेर, आणि पिंपांचा त्या कागदात एक शब्द नाही.

वड्या अजून दुकानात आहेत. कडेला तीन रेषा असलेली तुमच्या घरी असेल तर अंगाला लावू नका, फेकूही नका. तपासून पिंपांची गोष्ट सिद्ध करायला आम्हा कामगारांना ती हवी आहे. वेष्टनासकट कारखान्याच्या फाटकावर आणून द्या, आजच.