बदली जावई

"जावई पळाला म्हनं. मंग लक्ष्याला बसवा की."

पाराजवळ कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली. लक्ष्या म्हणजे लक्ष्मण, माझे आबा. ते होळीच्या निखाऱ्यांवर हलगीचं चामडं तापवत होते. मी वस्तीच्या तोंडाशी उभी होते.

माजलगावच्या बाजूला आमचं गाव. धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात. गळ्यात चपलांची माळ, पुढे आमच्या मातंग वस्तीची हलगी. देवळाशी पोचलं की त्याला नवे कपडे, सोन्याची अंगठी. चेष्टा, पण मानाची. यंदाचा जावई पहाटेच मोटारसायकलवरून पळाला. गाढव तयार होतं. माळही.

उपसरपंचाचा मुलगा आबांच्या निम्म्या वयाचा.

"बस बे लक्ष्या. आज तू गावचा जावई."

"नगं मालक. मी वाजवतो की." आबा हसले.

ते हसणं मला पाठ होतं. माझ्या इंग्रजी शाळेच्या पालकसभेत ते दाराशी उभे राहून असंच हसायचे. वर्गात मीही तशीच हसत आले. न बोलता.

चौघांनी त्यांना उचललं. आबांनी पाय जमिनीत रोवले तेव्हा पहिली थप्पड बसली. मग माळ. मग चंदेरी वॉर्निश, डोळ्यांत, तोंडात. कुणीतरी हलगीची काडी हिसकून तिनंच पाठीत हाणलं. गाढव बुजलं, आबा दगडावर आपटले. ओठ फाटला. वॉर्निशवरून रक्त घसरत होतं. त्यांना पुन्हा वर चढवलं. ओसऱ्यांवरून बायका बघत होत्या. मोबाइल वर झालेले.

"सणाचं मनाला लावून घ्यायचं न्हाई, बाई," एक म्हातारा मला म्हणाला. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

हलगी निखाऱ्यांत पडली होती. चामडं आकसलं आणि फाटलं. कातडं जळाल्याचा वास आला.

मी होळीतलं एक लाकूड उचललं. टोक लाल होतं. तळवा भाजला, पण सोडलं नाही. उपसरपंचाचा मुलगा आडवा आला, "ए, कुठं चालली?" मी त्याच्या मनगटावर मारलं. पूर्ण ताकदीनं. तो ओरडत खाली बसला. दुसऱ्यानं ओढणी धरली. मी लाकूड त्याच्या तोंडासमोर नेलं. त्यानं सोडली. घोळका मागे सरकला.

"घरी जा बाई. पाया पडतो तुझ्या," आबा म्हणत होते.

मी त्यांना खाली उतरवलं. ते माळ काढायला लागले. मी त्यांचा हात धरला. मग माझ्या तोंडून निघालं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"जावई म्हणून बसवलंत ना? मग तुमच्यातल्या कुणाची मुलगी आमच्या घरात दिलीय, ते सांगा. मी आबांना या माळेसकट पोलीस ठाण्यात नेतेय. आणि यापुढं आमची हलगी तुमच्या सणाला वाजणार नाही, लग्नाला नाही, मयतालाही नाही."